निळा-पिवळा नकाशा

नवी मुलगी ऑफिसात येऊन महिना नाही झाला, आणि माझ्या विहिरींच्या नकाशाला हात घालते! खराब पाणी लाल, चांगलं हिरवं, असे माझे रंग होते. तिने ते निळे-पिवळे केले. माझा नुसता जळफळाट झाला.

"काही लोकांना लाल-हिरवं सारखंच दिसतं, ताई," ती म्हणाली.

"कोणाला गं? शंभरात एखाद्याला?" मी फणकारले.

तेवढ्यात साहेब आले आणि नकाशासमोर थबकले. "अरे, शाळेजवळचं पाणी इतकं खराब? मला हे आजवर कधी दिसलंच नाही! लाल-हिरव्यात मला फरकच कळत नाही." मग तिच्याशेजारी खुर्ची ओढून ते प्रश्नावर प्रश्न विचारू लागले.

माझ्या नकाशांना ते इतकी वर्षं नुसतं "झकास" म्हणून पुढे जायचे.