काकांच्या जागी कोण?

सकाळचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवणारे काका रिटायर होणार म्हणून रेडिओ स्टेशनात नव्या आवाजाच्या चाचण्या चालल्या होत्या. काका शेजारच्या खोलीत स्पीकरपाशी दात-ओठ खात बसले होते. जो तो त्यांचीच नक्कल करत होता. एका पठ्ठ्याने तर बातम्यांआधीचा त्यांचा खोकलासुद्धा उचलला.

"अहो, मी अजून जिवंत आहे!" काका मॅनेजरबाईंवर डाफरले.

शेवटी आल्या शिवणकाम करणाऱ्या ताई. या ताई रोज कार्यक्रमात फोन करून गाण्यांवरून काकांशी हुज्जत घालायच्या आणि काका दरवेळी आधी खेकसायचे, "ताई, घरातला रेडिओ बारीक करा, फोनमध्ये शिट्टी वाजतेय!"

आज मात्र माइकसमोर ताईंची बोलती बंद झाली. एवढी तिखट जिभेची बाई, आणि हूं नाही की चूं नाही! काकांना राहवेना. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून थेट स्टुडिओत लावला.

"हॅलो, कालचं शेवटचं गाणं अगदीच रटाळ होतं बरं का!"

स्पीकरमधून कर्कश शिट्टी उठली. पाठोपाठ ताई कडाडल्या, "काका, आधी तुमचा रेडिओ बारीक करा! आणि ते गाणं तुम्हीच लावलं होतंत, मी तेव्हाच सांगितलं होतं. आता बोला, आज काय ऐकायचंय तुम्हाला?"

मॅनेजरबाई खुदकन हसल्या. काकांनी मुकाट्याने स्पीकर बारीक केला आणि ते आपल्या आवडीचं गाणं आठवू लागले. काय ऐकायचंय, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.