दुसरी ओळ ताईबाईची

निमोण्यात यंदा पहिल्यांदाच कला महोत्सव भरणार होता. कारखान्यांमुळं गावात भाडेकरू वाढले, नवी दुकानं आली, तेव्हा सगळ्यांचं मिळून काहीतरी व्हावं अशी टूम निघाली. शाळेच्या मैदानावर तीन दिवस भजन, लेझीम, पोवाडे, बिहारी कामगारांची गाणी. समितीचे अध्यक्ष मारुतराव. त्यांची सून नीलम त्याच शाळेत शिकवायची. तिनं सासूचंही नाव यादीत घातलं : साळूबाई, ओव्या.

साळूबाईंनी आधी नकोच म्हटलं. मग एका दुपारी नीलमनं मोबाइल पुढं धरला तेव्हा त्या गायल्या. पण प्रत्येक ओवीची एकच ओळ गाऊन थांबायच्या.

"आत्या, पुढची ओळ?"

"ती माझी न्हाई. ती ताईबाईची."

ताईबाई बौद्धवस्तीतली. तीस वर्षं ती साळूबाईंच्या रानात खुरपायला यायची. साळूबाईही तिच्या शेजारची पात धरायच्या. खुरपताना ओवीची एक ओळ ही म्हणायची, दुसरी ती. आठ वर्षांपूर्वी ताईबाई दौंडला मुलाकडं, महेंद्रकडं राहायला गेली. तो रेल्वेत होता. त्यानंतर दोघींची गाठ नव्हती.

"मग जाऊ की दौंडला," नीलम म्हणाली. "दोघी मिळून गा."

रविवारी त्या नीलमच्या गाडीतून गेल्या. ताईबाई रेल्वे क्वार्टरच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. केस पार पिकले होते, पण साळूबाईंना तिनं लांबूनच ओळखलं. नात दीक्षानं चहा आणला. नीलमनं महोत्सवाचं सांगितलं. ताईबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "वहिनी, माझ्या घरी पयल्यांदा आलात तुम्ही."

"व्हय."

"गावात हाकंच्या अंतरावर व्हते. तवा न्हाई आलात."

साळूबाईंनी कप खाली ठेवला.

"तुमच्या पडवीत माझी कपबशी वळचणीला खोचलेली असायची. मीच काढायची, मीच धुवून परत ठेवायची. तुम्ही वरनं च्या वतायच्या. रानात ओवी दोघींची, आन् घरी आलं की कप येगळा. मी कवा बोलले न्हाई. तुम्हीबी न्हाई."

"आमच्या सासूबाई..." साळूबाईंनी सुरुवात केली. पण ताईबाई कामाला लागल्यावर पाचव्याच वर्षी सासूबाई वारल्या होत्या. कपबशी पुढं पंचवीस वर्षं तिथंच होती.

"चुकलं माझं," त्या कशाबशा म्हणाल्या.

ताईबाईनं खुर्ची जरा त्यांच्याकडं वळवली. "मी स्टेजवर यायची न्हाई. राग न्हाई माझा. पर तिथं हार घालतील, फोटू काढतील, आन् सगळं गोड झालं म्हणतील. तसं न्हाई झालेलं. ओळी घिऊन जावा. माझ्या हायेत म्हणून सांगा, बास."

तिनं एकेक ओळ सांगितली, नीलमनं वहीत लिहून घेतली. निघताना साळूबाई आपला कप घेऊन मोरीकडं वळल्या.

"आजी, राहू द्या, मी धुते," दीक्षा पुढं झाली.

"धुवू दे तिला," ताईबाई म्हणाली.

महोत्सवाच्या दुसऱ्या संध्याकाळी साळूबाई माइकपुढं उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत मारुतराव होते.

"ह्या ओवीची पयली ओळ माझी. दुसरी ताईबाईची. तिची कपबशी तीस वर्षं आमच्या वळचणीला व्हती. ती आज आली न्हाई. ते आधी सांगते, मग गाते."

मारुतराव उठून मंडपाबाहेर गेले. ते जाताना साळूबाईंनी पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं :

*कांदा खुरपिता गं, उन्हं डोईवरी आली*
*माझ्या सईच्या पदराची मला सावली झाली*

दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. पुन्हा म्हणायला गेल्या, पुन्हा ओळ अर्ध्यावर तुटली. तेवढ्यात मागून कुणीतरी ती ओळ उचलली. बौद्धवस्तीतली कस्तुराबाई. तीही त्याच रानात खुरपायला यायची. तिनं बसल्या जागेवरूनच ओळ पुरी केली.

मारुतराव चार दिवस घरात बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "चारचौघांत सांगायची काय गरज व्हती?"

"चारचौघांना ठावंच व्हतं," साळूबाई म्हणाल्या. "आपल्याच घरात कुणी बोलत नव्हतं."

मारुतराव ताटावरून उठले नाहीत, जेवत राहिले.

पुढच्या आठवड्यात साळूबाई एकट्याच एसटीनं दौंडला गेल्या. नीलमनं पाठवलेलं महोत्सवातलं गाणं ताईबाईनं दीक्षाच्या फोनवर ऐकलं होतं.

"चाल लई घाईत घेतलीस," ती म्हणाली. "बस हितं. पयल्यापासनं म्हण."

साळूबाई तिच्याशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी पहिली ओळ धरली.