ज्वारी की हरभरा

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. हो, तोच पितळेचा, ज्याच्या झाकणाला आटे असतात आणि जो प्रवासात आडवा पडला तरी थेंब सांडत नाही. ओळखलं नसेल तर घरातल्या जुन्या माणसांना विचारा. हल्लीच्या पोरांना मी फुलदाणी वाटतो आणि खरं सांगतो, तेव्हा मला फार राग येतो.

जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून गोल केलं, झाकण माझ्याच गळ्याच्या मापाचं बनवलं. दुसऱ्या तांब्याचं झाकण मला बसत नाही, याचा मला अजूनही तोरा आहे.

वडनेरच्या एका शेतकऱ्यानं लेकीच्या लग्नात आंदण द्यायला मला विकत घेतलं. लेकीचं नाव जयवंता. माझ्या पोटावर नाव मात्र कोरलं ते जावयाचं, रूपरावांचं. आमच्याकडे रीतच तशी, भांडं माहेरचं आणि नाव सासरचं. तेव्हापासून मी जयवंताचा सोबती.

मला जग कसं दिसतं, सांगू? झाकण लागलं की आत नुसता अंधार आणि पाण्याचा हेलकावा. त्या हेलकाव्यात छान गुंगी येते. झाकण उघडलं की वर एक गोल आभाळ. गावं मी आभाळावरून ओळखतो. सेवाग्राम स्टेशनाचं आभाळ पत्र्याचं. नालवाडीच्या आमच्या अंगणातलं आभाळ विजेच्या तारांचं. आणि रोहण्याचं आभाळ आंब्याच्या पानांतून गाळून येतं, हिरवंगार. त्याच्याखाली पडून राहावं आणि कुणी उठवू नये.

रोहणा आर्वी तालुक्यातलं. तिथं रूपरावांच्या भावाचं शेत. रूपरावांनी नोकरी वर्ध्यात केली, घर नालवाडीला बांधलं, पण सुट्टी म्हटली की पाय रोहण्याकडे वळायचे. बाजेवर पडायचं, हुरडा खायचा, विहिरीचं पाणी माझ्यातून गटागटा प्यायचं आणि म्हणायचं, "सोर्ग हाये हा, सोर्ग!"

सोर्गात स्वयंपाक कोण करतं, हे मात्र कुणी विचारत नाही. जयवंता पहाटेपासून चुलीपुढे. दुपारी गोवऱ्यांच्या आरावर सगळ्या गोतावळ्यासाठी कणकेचे पानगे, वांग्याची भाजी, वर मिरच्यांचा ठेचा. संध्याकाळी पुन्हा तेच. धुरानं डोळे लाल झाले की ती माझ्यातलं पाणी डोळ्यांना लावायची.

रात्रीची भांडी झाली की चिंच लावून मला घासायची आणि घासता घासता बोलायची. नागपूरहून हैदराबादला जाणारा मोठा रस्ता वडनेरवरून जातो, तिच्या बापाच्या शेताच्या धुऱ्याला, बांधाला लागूनच. लहानपणी कापूस वेचताना ती ट्रक बघायची. बाप एकदा त्या रस्त्यानं गोवळकोंड्याला जाऊन आला होता. म्हणाला होता, "किल्ल्याच्या दरवाज्याले असे मोठाले खिळे हायेत माय, हत्तीनं धडक मारू नये म्हून. येकडाव नेतो तुले." मग लग्न ठरलं आणि ते राहूनच गेलं. हे तिनं मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. भांड्याला सांगितलेलं फुटत नाही, असा तिचा विश्वास.

पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथं काळोखात मी किती वर्षं पेंगलो कोण जाणे. कोरडा होतो, तरी स्वप्नात पाणी हलायचं. शेवटी सून वर्षालीनं मला खाली काढलं, चकाचक केलं आणि टीव्हीशेजारी मांडलं. ही फुलदाणी का म्हणून नातीनं विचारलं, ते तिथंच. नातीचं नाव सुरभी, आठवीत आहे आणि वकील होणार हे उघड आहे.

या हिवाळ्यात नाताळच्या सुट्टीची गोष्ट निघाली. धनंजयनं, म्हणजे जयवंताच्या मुलानं, विजेच्या सामानाचं दुकान चार दिवस बंद ठेवायचं कबूल केलं. ही आमच्या घरात दुर्मीळ घटना.

"रोहण्याले जाऊ," रूपराव म्हणाले. "हुरडा आला असंन."

"आबा, दरवर्षी रोहणाच!" सुरभी उसळली. "हैदराबादले चला ना. चारमिनार आहे, गोवळकोंडा आहे. पुस्तकातलं कधीतरी खरं पाहू द्या."

"दगडं काय पाह्यची? गर्दी, धूर. गावची हवा पाह्य कशी असते."

"आईले इचारा," धनंजय म्हणाला.

जयवंता मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "माहं काय, जिकडे सगळे तिकडे मी."

हे वाक्य तिनं जन्मभर म्हटलं आणि घरानं जन्मभर त्याचा अर्थ 'रोहणा' असाच घेतला. म्हाताऱ्या माणसाला गावच बरं वाटतं, हे जणू पंचांगात छापलेलं.

सुरभीनं मग गुप्त मतदान काढलं. मतपेटी कोण? मी! गावाला जायचं असेल त्यानं ज्वारीचा दाणा टाकायचा, शहरात जायचं असेल त्यानं हरभरा. मला आतल्या खोलीत ठेवलं आणि एकेक जण आला.

रूपराव आले, टणकन ज्वारी. सुरभीचा हरभरा माझ्या तळाशी उडी मारून पडला. धनंजयनं आधी हरभरा घेतला, उसासा टाकला आणि ज्वारी सोडली. वर्षालीनंही तसंच केलं. शेवटी जयवंता आली. दोन्ही दाणे तिच्या तळहातावर. ती कितीतरी वेळ उभी होती. मी आतून तिचा हात बघत होतो, माझ्या गोल आभाळात तेवढाच होता. मग तिनं डोळे मिटले आणि टाकला.

सुरभीनं मला परातीत पालथं केलं. तीन ज्वारी, दोन हरभरे.

"रोहणा!" रूपरावांनी मांडीवर थाप मारली.

"थांबा," सुरभी म्हणाली. "एक हरभरा माझा. दुसरा कोणाचा? आई, तुझा ना?"

"माझा नाही बाई. मी ज्वारीच टाकली. आईंना गावी बरं वाटते म्हणून."

"बाबा?"

"मी बी आईसाठीच ज्वारी टाकली," धनंजय ओशाळून म्हणाला.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"चुकून पडला असंन," जयवंता पुटपुटली. "डोये कमजोर झाले आता."

खोटं! मी ओरडणार होतो, पण रिकाम्या तांब्याचं कोण ऐकतं? वाटलं, संपलं. आता ही पुन्हा मेथीला लागणार आणि परवा पुन्हा चुलीपुढे बसणार. मला रडू फुटलं असतं, पण पितळेला ती सोय नाही.

सुरभी तिच्याजवळ जाऊन बसली. "आजी, खरं सांग."

जयवंतानं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "गोवळकोंडा पाह्यचा हाये मले," ती म्हणाली. आवाज इतका हळू, की वर्षालीनं टीव्ही बंद केला.

"तुले रोहणा आवडत नाई?" रूपराव खरंच दुखावले होते. "इतक्या वर्सांत कधी बोलली नाई तू!"

"तुमाले आभाय दिसते जी तिथं. मले चूल दिसते. तुमची सुट्टी असते, माही कुठं असते?"

"पण इचारलं तं होतं तुले, आताच!"

"इचारलं. पण जबाब अगुदरच ठरवून ठेवला होता सगळ्याइनं."

रूपराव उठले आणि अंगणात गेले. बराच वेळ कुंपणापाशी उभे राहिले. परत आले ते धनंजयला म्हणाले, "गाडीच्या चाकात हवा भरून घेजो. लांबचा रस्ता हाये."

पहाटे निघालो. मला काठोकाठ भरून जयवंताच्या मांडीवर दिलं होतं. हिंगणघाट गेलं आणि वडनेर आलं तसं धनंजयनं न सांगता गाडी हळू केली. धुक्यात कापसाची बोंडं पांढरी दिसत होती, असं सुरभी म्हणाली. जयवंता काच खाली करून बघत राहिली. आजवर ती या रस्त्याकडे शेतातून बघायची, आज शेताकडे रस्त्यावरून बघत होती. माझ्यावर तिचे दोन्ही हात होते आणि ते गरम होते. मग गुंगी आली, आणि किती नद्या, किती गावं माझ्याखालून वाहून गेली ते मला ठाऊक नाही.

किल्ल्याच्या दरवाज्यापाशी तिनं आधी खिळ्यावर तळहात ठेवला. बापाच्या डोक्यावर ठेवावा तसा. रूपरावांचे गुडघे धरले म्हणून ते खालीच थांबले. ती मात्र एकेक पायरी बसत, उठत, मला कडेवर घेऊन चढली.

आत्ता आम्ही अगदी वर आहोत. तिनं मला शेजारी दगडावर ठेवलंय आणि झाकण उघडून हातात धरलंय. इथलं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. त्यात तारा नाहीत, पत्रा नाही, पानंही नाहीत. नुसत्या घारी फिरताहेत, संथ.

आणि ऐका, खालून टाळी आली. खालच्या कमानीत वाजवलेली टाळी इथपर्यंत ऐकू येते, हे इथलं नवल. पुन्हा आली. ही टाळी रूपरावांचीच. घरी चहा हवा असला की ते अशीच वाजवतात.

जयवंता सवयीनं अर्धी उठली.

"आजी, आबा बलावून राह्यले," सुरभी म्हणाली.

"बलावू दे," ती पुन्हा बसली. "मले अजून पाह्यचं हाये."

तुम्ही खाली उतरणार असाल तर एक काम करा. कमानीपाशी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ टाळ्या वाजवताना दिसतील. माझ्या पोटावर त्यांचंच नाव आहे. त्यांना एवढा निरोप द्या, की बाई आज उशिरा येतील.