बिडाच्या तव्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे, आणि माझ्यावर दगाबाजीचा आळ आला होता. तो कुणा परक्याने घेतला असता तर मी कान झाडून मोकळा झालो असतो. मला दोन कान आहेत, धरायला. पण आळ घेतला रत्नप्रभाने, जिच्या हाताखाली मी छत्तीस वर्षं तापलो. म्हणून सांगतो, नीट ऐका.

वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. रत्नप्रभाच्या आईने कुडाळच्या बाजारात मला बोटाने टिचकी मारून पाहिलं, आवाज पटला आणि लेकीच्या लग्नात मला आंदण दिलं. असा मी मुंबईत, चारकोपच्या सेक्टरमधल्या दोन खोल्यांत आलो. तेव्हा मी खडबडीत आणि राखाडी होतो. रत्नप्रभाने रोज तेल पाजून, कांद्याची फोड फिरवून मला काळाभोर, तुळतुळीत केलं. माझा तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे बरं का! वर्षानुवर्षं मुरलेलं तेल ते. त्याच्या जोरावरच तर तांदळाचं पातळ पीठ माझ्यावर पडलं की चर्र आवाज होऊन जाळी पडायची आणि घावन आपणहून कडा सोडायचं.

आमची खरी शान जानेवारीत. मैदानावर मालवणी जत्रोत्सव भरायचा आणि त्यात रत्नप्रभा आणि तिची मैत्रीण जया यांचा घावनांचा स्टॉल असायचा. जया पीठ कालवायची, रत्नप्रभा घावनं काढायची. लोक रांगेत उभे राहून माझ्याकडे बघायचे. रत्नप्रभा कौतुकाने म्हणायची, "ह्यो माझो थोरलो झील." झील म्हणजे मुलगा. तिचा खरा मुलगा सुशांत शेजारी उभा राहून हसायचा. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

मग एका वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी जया माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "रत्ना, कसला काळाकुट्ट दिसतो गं हा! आता लोक आधी फोटो काढतात, मग खातात. जरा चकाचक कर ना याला."

आणि माझ्या शहाण्या रत्नप्रभाने ते ऐकलं! तारेची घासणी घेतली, साबण घेतला आणि दुपारभर मला रगडलं. छत्तीस वर्षांचं तेल मोरीतून वाहून गेलं. मी चकाकत होतो आणि आतून पुरता उघडा पडलो होतो. ओरडायला तोंड असतं तर ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. पहिलं घावन चिकटलं, दुसरं फाटलं, तिसऱ्याचा तर लगदा झाला. रांगेतली माणसं कुजबुजायला लागली. रत्नप्रभाचा चेहरा लालेलाल झाला आणि ती सगळ्यांसमोर ओरडली, "ह्या मेल्या तव्यान ऐन वेळेक दगो दिल्यान!"

जया शेजारी उभी होती. तिने चकार शब्द काढला नाही. शेजारच्या स्टॉलवरून नॉनस्टिकचा तवा मागून आणला आणि मला टेबलाखाली सरकवलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्याखाली शेगडीचा जाळ नव्हता, तरी मी पोळलो.

घरी आल्यावर मला गॅलरीत जास्वंदीच्या कुंडीखाली ठेवलं. पाणी झिरपायचं, मी गंजत जायचो. तीन पावसाळे काढले. आतून फोडणीचा वास आला की जीव कासावीस व्हायचा.

मागच्या गणपतीनंतर रत्नप्रभाला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. जया भेटायला यायची तेव्हा म्हणायची, "तू फक्त बरी हो. तुझ्याशिवाय स्टॉल नाय लावणार मी." रत्नप्रभा त्या शब्दावर जगत होती. डाव्या हातात उलथन्याचं बळ यावं म्हणून त्या हाताने रबरी चेंडू दाबत गॅलरीत बसायची आणि जानेवारीची वाट बघायची.

जानेवारी आला. एका दुपारी तिची नात निधी मोबाईल घेऊन गॅलरीत आली. "आज्जी, हे बघ ना. जयाआजीने एकटीनेच स्टॉल लावला. बोर्डवर तुझं नावच नाय."

रत्नप्रभाने फोटो पाहिला. खरं सांगू? मला आधी बरं वाटलं. म्हटलं, आता कळेल, आपल्या माणसाने टाकलं की कसं वाटतं ते! मग ती रडायला लागली, अगदी आवाज न करता, आणि मला माझीच लाज वाटली.

रडता रडता तिची नजर कुंडीखाली गेली. तिने डाव्या हाताने कुंडी लोटली, मला ओढून मांडीवर घेतलं आणि गंजावरून बोटं फिरवत म्हणाली, "तू दगो दिलंस नाय रे. मीच तुका घासून घासून नागडो केलंय."

तीन वर्षं या एका वाक्यासाठी झुरलो होतो मी.

नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, आणि जाडं मीठ घेऊन तिने गंज काढला. आठ दिवस रोज तेल, रोज मंद आच. नवव्या दिवशी पीठ कालवलं आणि निधीला बजावलं, "आज नाय जमला तर ह्यो तवो भंगारवाल्याक देतलंय. आणि मी परत शेगडेक हात लावचंय नाय."

पहिलं घावन चिकटलं. दुसरं उलटताना डाव्या हातातलं उलथनं तिरकं गेलं आणि ते फाटलं. निधी पुढे झाली, "आज्जी, दे ना, मी करते."

"हात लावू नको. माका करूंदे."

तिने पुन्हा कांदा फिरवला. पीठ पडलं, चर्र झालं. मी जेवढं तेल प्यालो होतो तेवढं सगळं पणाला लावलं. कड सुटली. तिने उलथनं सरकवलं आणि घावन उलटलं. वाकडंतिकडं होतं, पण अख्खं होतं, आणि जाळी अशी पडली होती की निधीने टाळ्या पिटल्या. रत्नप्रभा खाली बसून रडत-हसत ते घावन खात राहिली.

जया पुन्हा आली नाही. माझ्या मध्यावर गंजाने पाडलेला एक खड्डाही तसाच आहे, तिथे घावन अजून धरतं. रत्नप्रभाला ती जागा ठाऊक झाली आहे. तिथे ती दोन थेंब तेल जास्त सोडते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं भांडं किंवा एखादं माणूस निकामी झालं असं वाटलं, तर त्याला लगेच कोपऱ्यात टाकू नका. थोडं तेल द्या, थोडी ऊब द्या. आणि पहिली दोन घावनं बिघडली, तरी उरलेलं पीठ ओतून देऊ नका.