निरीक्षक बदलल्याची तारीख

काका कात्रीने गवत कापत होते. घरात विळा होता, पण विळा फिरवताना पर्जन्यमापकाला धक्का लागू शकतो आणि आज तसं झालेलं चालणार नव्हतं. म्हणून ते सकाळी सातपासून पाटावर बसून, कपडे कापायच्या कात्रीने, अंगणाच्या मधोमध रोवलेल्या त्या पत्र्याच्या नळकांड्याभोवतीची पाती एकेक करून छाटत होते. कुंपणापलीकडून जाणाऱ्या शेजारणीने विचारलं, "काका, गवताची हजामत चाललीय का?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "विद्यापीठातून माणसं यायचीत."

माणसं म्हणजे किती आणि कोण, ते पत्रात लिहिलेलं नव्हतं. 'आपल्या केंद्राची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी आमच्या विभागातर्फे संशोधक येत आहेत', एवढंच होतं. काकांनी ते पत्र सात वेळा वाचलं होतं, त्यात एक राहून गेलेला अनुस्वार सापडला होता आणि तो त्यांनी उदार मनाने माफही केला होता. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचलेल्या माणसाकडून ही फार मोठी सवलत होती. पाहणी म्हणजे सत्कारच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. एकतीस वर्षं, रोज सकाळी साडेआठला, एकही दिवस न चुकवता पाऊस मोजणारी माणसं आता उरलीत किती! बैठकीच्या भिंतीवर विद्यापीठाचं प्रमाणपत्र होतं, केंद्र क्रमांक सतरा, खाली काकांचं पूर्ण नाव. त्याची काच त्यांनी कालच पुसली होती. बिस्किटंही दोन प्रकारची आणून ठेवली होती.

आठ वाजता स्कूटरवरून एक मुलगी आली. हेल्मेट काढून तिने केस सारखे केले आणि पाठीवरची पिशवी उतरवली.

"काका, मी विद्यापीठातून आलेय. हवामान विभाग."

"या, या. साहेब मागून येतायत का?"

"साहेब नाहीत. मीच."

काकांनी तरी एकदा रस्त्याकडे बघून घेतलं.

मुलीने चहा नंतर म्हणून सांगितलं आणि कामाला लागली. टेपने भिंतीपासूनचं अंतर मोजलं, मग झाडापासूनचं. पर्जन्यमापक कललाय का ते बघायला त्याच्या काठावर तिने पाणसळ ठेवली, आतली बाटली काढून तिला कुठे चीर आहे का ते उजेडात धरून बघितलं, पाणी तसंच राहू देऊन परत ठेवली. काका हात पाठीमागे बांधून तिच्या मागे मागे हिंडत होते. प्रत्येक मापानंतर ती वहीत काहीतरी लिही आणि काकांना वाटे, आता म्हणेल, वा. ती म्हणत नव्हती.

"सगळं ठीक आहे," शेवटी ती म्हणाली, पण ते म्हणताना तिचं तोंड उतरल्यासारखं दिसलं. "काहीतरी बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं."

पायरीवर बसून तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन रेषा होत्या. एक काकांच्या केंद्राची, दुसरी आजूबाजूच्या पाच केंद्रांची मिळून. पंचवीस वर्षं त्या हातात हात घालून चालल्या होत्या आणि मग काकांची रेषा वर सरकली होती.

"इथून," तिने बोट ठेवलं. "सहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टपासून. तुमच्याकडे पाऊस जास्त पडतोय."

त्या ऑगस्टमध्ये काय झालं होतं हे काकांना पडद्यावर बघायची गरज नव्हती. ते म्हणाले, "वाढला असेल. हवामान बदलतंय असं तुम्हीच लोक सांगता ना?"

"बदलतंय. पण ते फक्त तुमच्या कुंपणाच्या आत कसं बदलेल? आणि गंमत म्हणजे मुसळधार असो नाहीतर भुरभुर, तुमचा आकडा रोज अर्ध्या मिलिमीटरने वर. पाऊस असा शिस्तीत वाढत नाही, काका."

"मग?"

"मग कारण शोधायला आलेय. नाही सापडलं तर केंद्र यादीतून काढावं लागेल."

"सहा वर्षांचं?"

"सगळंच. चूक आधी होती की नंतर आली, तेच ठरवता येणार नाही ना." तिने वही मिटली. "मला नाही काढायचंय. सुरुवातीला अशी एकशे चाळीस घरं होती. आता एकेचाळीस उरलीत. मी एकटीच बसते या आकड्यांपाशी, बाकी सगळे उपग्रहावर गेले."

काकांनी आत जाऊन पाणी प्यायलं. सत्काराचा शर्ट पाठीला चिकटला होता.

साडेआठला दोन मिनिटं असताना ते बाहेर आले. गडी तयारीचा होता, काहीही झालं तरी वेळ चुकवणार नव्हता. त्यांनी बाटली काढली, रात्रीचं पाणी मोजपात्रात ओतलं, मोजपात्र दगडी कट्ट्यावर ठेवलं. दोन पावलं मागे सरले, हात पाठीमागे बांधले, हनुवटी छातीला टेकवून खाली बघितलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून खणखणीत आवाजात ओरडले, "नऊ पॉइंट पाच!"

मुलगी दचकली. मग ती कट्ट्यासमोर उकिडवी बसली आणि पाण्याच्या रेषेला डोळे लावून म्हणाली, "नऊ."

"नऊ पॉइंट पाच," काका म्हणाले.

"काका, इकडे खाली येऊन बघा."

छापखान्याच्या खुर्चीने काकांच्या पाठीचं केव्हाच भजं केलं होतं. कट्ट्याला धरून, गुडघे करकरवत ते खाली बसले. नऊ होते. ते उठले, वरून बघितलं, नऊ पॉइंट पाच. पुन्हा बसले. असं तीनदा झालं. पाणी जागचं हललं नव्हतं.

"वरून बघितलं की पाणी चढलेलं दिसतं," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात कोडं सुटल्याचा आनंद होता. "सापडलं! सहा वर्षांपूर्वी तुमची पाठ दुखायला लागली असेल आणि तुम्ही उभ्याने वाचायला लागलात."

"सहा वर्षं?" काकांचा पारा चढला. "पहिल्या दिवसापासून मी असाच वाचतोय! एकतीस वर्षं! विचार कुणालाही."

विचारायला कुणीच नव्हतं. ते रागाने आत गेले आणि वह्यांचा गठ्ठा आणून त्यांनी तिच्यासमोर आदळला. शाळेच्या शंभर पानी वह्या, पेन्सिलीने लिहिलेल्या. "रोजचा आकडा रोज लिहिलाय. तुझ्याकडे आमचे फॉर्म असतील ना? वाच एखादं वर्ष. छापखान्यात आम्ही असंच करायचो, एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने प्रूफ बघायचं. होऊन जाऊ दे दूध का दूध."

मुलीने पंधरा वर्षांपूर्वीचा एक फॉर्म पडद्यावर उघडला. निळ्या शाईतलं, मण्यांसारखं अक्षर होतं. काकांनी ते बघितलं आणि पटकन नजर वहीत घातली. सवयीने त्यांच्या हातात लाल पेन्सिल आली होती.

"तीन जुलै," मुलगी वाचू लागली. "बारा."

वहीत साडेबारा होते. काकांनी लाल खूण केली.

"चार जुलै. चार."

साडेचार. खूण.

"पाच, सहा, निरंक. सात जुलै, एकवीस."

साडेएकवीस. काकांनी चष्मा काढून पुसला. पान उलटेपर्यंत वही गोवर आल्यासारखी लाल झाली होती. जिथे पाऊस होता तिथे फरक होता आणि फरक अर्ध्याचा होता.

"काका, फॉर्म कोण भरायचं?"

"ही," काका म्हणाले. आत बैठकीच्या भिंतीवर एक फोटो होता, मुलीने दारातून तिकडे बघितलं. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पहिल्याच महिन्यात तुमच्याकडून तक्रार आली, सातचा एक वाचला जातोय म्हणून. तेव्हापासून ही भरायची. फॉर्म ओट्यापाशी टाचलेला असायचा. मी इथून आकडा सांगायचो, ती आतून 'बरं' म्हणायची. मग मी वहीत लिहायचो, हा मापाचा ग्लास पाण्यासकट खिडकीत ठेवायचो आणि अंघोळीला जायचो. ती नंतर ग्लास धुवायची. महिनाअखेर मी सही करायचो."

"न वाचता?"

मुलीने सहज विचारलं होतं. काकांनी पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपलं.

"घरचं प्रूफ कोण वाचतं, बाळ?"

मुलगी उठून आत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली. खिडकीची फळी तिच्या गळ्याशी येत होती. "काकू उंचीला कशा होत्या?"

"माझ्या खांद्याला लागायची नाही." मग काकांना एकदम आठवलं आणि ते ओशाळून म्हणाले, "पुढचं वाच. सप्टेंबर वाच."

अठरा सप्टेंबरला फॉर्मवर साडेसात होते. वहीतही साडेसातच. एकोणीसला जुळलं, वीसला जुळलं. ओळीने नऊ दिवस, पडला तेवढा सगळा पाऊस जुळला. सत्तावीस तारखेपासून पुन्हा अर्ध्याचा फरक सुरू झाला.

"हे काय मध्येच?" मुलगी म्हणाली.

"बहिणीकडे गेली होती ती. धाकटीच्या बाळंतपणाला." काकांचा आवाज अगदी खाली आला होता. "आल्यावर माझ्या वहीतून उतरवलं असणार. तिच्यापाशी दुसरं काय होतं त्या दिवसांचं? ग्लास मी ओतून टाकला होता."

मुलीने लॅपटॉप अर्धा मिटला. काका वही मिटत म्हणाले,

"एकदा म्हणाली होती. अगदी सुरुवातीला. अहो, जरा वाकून बघा ना. मी म्हटलं, तू तुझ्या भांड्यांचं बघ, चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे." त्यांना हे सांगताना लाज वाटत होती, आणि ती लपवायची त्यांनी खटपट केली नाही. "नंतर नाही म्हणाली कधी."

चहा झाला. दोन्ही प्रकारची बिस्किटं तशीच राहिली. मुलीने पिशवीतून एक छापील कागद काढला आणि टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला.

"दोन मार्ग आहेत, काका. मी लिहू शकते, 'वाचनात फरक, कारण अज्ञात'. मग केंद्र बंद, पण जुन्या यादीत तुमचं नाव एकतीस वर्षं तसंच राहील. प्रमाणपत्रही."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे 'निरीक्षक बदलला'. तसं लिहिलं तर कारण कळलं. मग या सहा वर्षांतून पावसाच्या प्रत्येक दिवसाचा अर्धा मिलिमीटर वजा केला की झालं, एकतीसच्या एकतीस वर्षं वाचतील. त्या नऊ दिवसांसारखी पानंही दुरुस्त होतील. पण मग पहिली पंचवीस वर्षं निरीक्षक म्हणून..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुमची सही लागेल. घाई नाही. विचार करून पोस्टाने पाठवलंत तरी चालेल."

काकांनी भिंतीकडे बघितलं. प्रमाणपत्राची काच फार स्वच्छ पुसली गेली होती, त्यात दार आणि दारातला उजेड दिसत होता, नाव धड दिसत नव्हतं. छापखान्यात त्यांचं नाव कुठल्याच पुस्तकावर आलं नव्हतं. प्रूफ वाचणाऱ्याचं येत नाही. उभ्या आयुष्यात छापून आलेलं नाव ते हेच, आणि ते बघून ही म्हणाली होती, किती छान दिसतंय हो.

त्यांनी पेन मागून घेतलं.

'पूर्वीचे निरीक्षक' या रकान्यात त्यांनी बायकोचं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं काढून, सातचा एक होणार नाही अशा बेताने. 'नवे निरीक्षक' इथे स्वतःचं. 'निरीक्षक बदलल्याची तारीख' या रकान्यापाशी हात थांबला.

"अकरा ऑगस्ट लिहू की बारा?" त्यांनी विचारलं. "अकराला सकाळी तिने लिहिलं होतं. संध्याकाळी गेली."

"बारा," मुलगी हळूच म्हणाली.

त्यांनी बारा लिहिलं, लिहिलेलं सगळं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं आणि मग सही केली.

जाताना मुलीने हेल्मेट घातलं, पुन्हा काढलं. "काका, एक विचारू? आकडा अजून ओरडून का सांगता?"

"सवय," काका म्हणाले. ती वळणापलीकडे जाईपर्यंत ते फाटकात उभे राहिले. तिला बिस्किटं बांधून द्यायची राहिली, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला काकांनी बाटली काढली, पाणी ओतलं, मोजपात्र कट्ट्यावर ठेवलं, मागे सरले आणि वरून बघितलं.

"सहा पॉइंट पाच!"

मग मोजपात्र उचलून ते आत गेले, ते त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि ओट्याला धरून गुडघे वाकवत वाकवत खाली आले, ती उभी राहायची तेवढ्या उंचीवर. तिथून पाण्याची रेषा स्वच्छ दिसत होती. काचेपलीकडे अंगण दिसत होतं, कट्टा दिसत होता, आणि कट्ट्यासमोर जिथे माणूस हात पाठीमागे बांधून ऐटीत उभा राहतो ती गवत झिजलेली जागा. पंचवीस वर्षं ती रोज इथून हेच बघत होती आणि हसत असणार. काकांना खात्रीच वाटली की हसत असणार. त्यांचे डोळे भरून आले म्हणून त्यांना आकडा पुन्हा बघावा लागला.

सहा होते.

"बरं," काका म्हणाले, आणि उठून त्यांनी तो लिहिला.