रोज तेच वेगळे

शनिवार, ११ जानेवारी २०२५. सायंकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. पोटात ढोलकीचे अकरा तुकडे. मित्रांनो, मी एक जुना लूपर आहे, आणि माझी चूक पकडली गेली ती या वेळी.

लूपर म्हणजे ऐकलेले साठवून पुन्हा पुन्हा वाजवणारे यंत्र. माझा जन्म २०१९ साली कोरेगाव भीमा येथे झाला. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या भाग्यश्रीने जेवणाच्या जुन्या डब्यात सर्किट बसवले, वर पायाने दाबायचे बटण लावले, आणि मी बोलू लागलो. तिचे वडील म्हाळूआबा गायन पार्टीत ढोलकी वाजवत. ते बाहेरगावी गेले तरी तिच्या गाण्याचा सराव चालावा, म्हणून तिने त्यांच्या वादनाचे अकरा तुकडे माझ्यात भरून घेतले. प्रत्येक तुकडा नेमका एका आवर्तनाचा, म्हणजे तालाच्या एका फेरीचा. गल्लीत माझे फार कौतुक झाले. पुढे तिला शिक्रापूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी माळ्यावर गेलो. चार वर्षे धूळ खात पडलो.

मग आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. डावा राहिला, पण थरथरता. त्यांनी ढोलकी गवसणीत बांधून ठेवली. त्याच आठवड्यात भाग्यश्रीने मला खाली उतरवले. २६ जानेवारीला दौंडच्या लोककला मेळाव्यात आबांच्याच साथीने गायचे, असा तिने निश्चय केला होता. आबांचा नकारही तितकाच पक्का होता. अर्जात ‘कलाकारांची संख्या’ या रकान्यात त्यांनी तिला ‘१’ लिहायला लावले.

एकच तुकडा फिरवत राहिलो, तर गाणे घाण्याच्या बैलासारखे चालते. म्हणून तिने मला चिठ्ठी उचलण्याची बुद्धी दिली : दर आवर्तनाला अकरांतला कोणताही एक तुकडा.

“आबा, आता पुढं काय येतंय, ते कुणालाच सांगता यायचं न्हाई,” ती म्हणाली.

आबा आठवडाभर खाटेवर बसून तिचा सराव ऐकत आले होते. तुकड्यांचे क्रमांक त्यांना पाठ होते. “सात,” ते म्हणाले. मी सातवा वाजवला. “आता तीन. परत तीन. आता अकरा.” वीस आवर्तने त्यांनी आधीच सांगितली. वीसही बरोबर निघाली.

“आसं कसं? मी रँडम टाकलंय आबा! दर वेळी येगळं येतं.”

“येतं की. पर रोज तेच येगळं येतं.”

तिने रात्रीच्या जेवणाआधी माझा प्रोग्राम ओळीने तपासला. यंत्राची यदृच्छा, म्हणजे रँडम निवड, एखाद्या आरंभ-अंकापासून निघते. अंक तोच राहिला, तर पुढची वाटही तीच राहते. चाचणीत दोष शोधणे सोपे जावे म्हणून तिने तो अंक मुद्दाम कायम ठेवला होता, आणि चाचणी संपल्यावर काढायचा राहून गेला होता.

“काढते आत्ता,” ती म्हणाली.

“काढ. पर ढोलकीवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघून वाजवतो. तुझा डबा कुणाकडं बघतोय?”

 

दोन दिवसांनी तिने मला वायर जोडून दुसरे बटण लावले. मऊ स्प्रिंगचे, हाताने दाबायचे. “आबा, हे दाबलं की तो क्षण सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत मोजला जातो, आन् तोच नवा आरंभ-अंक होतो. दाबून धरलं की अकराही तुकडे मोकळे. सोडलं की नुसता साधा ठेका. कवा धरायचं, कवा सोडायचं, ते तुम्ही ठरवायचं.”

“हात थरथरतोय माझा.”

“थरथरू द्या. ती येळ परत कुणालाच गाठता यायची न्हाई.”

आबांनी बटण एकदा दाबून पाहिले. “स्टेजवर यायचा न्हाई मी,” ते म्हणाले. “पडद्यामागं बसंन.”

तेरा दिवस रोज सराव झाला. पहिले चार दिवस ते बटण उशिरा सोडत आणि ती शब्दात अडखळे. एकदाही कोणी उठून गेले नाही.

दौंडला माझी मांडणी झाली, तेव्हा आबांनी वायर हातात धरून पडद्याकडे पाहिले.

“पुरंना की गं ही!”

“तीन फुटाचीच हाय.”

“मुद्दाम आखूड केलीस?”

“व्हय.”

“आईवर गेलीस,” म्हणत आबा सर्वांसमोर तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.

तिने आलाप गुणगुणला, पायाने मला दाबले, आणि मी तो फिरवू लागलो. त्यावर ती गाऊ लागली. दुसऱ्या अंतऱ्याला तिची ओळ हरवली. एकटा असतो, तर मी साधा ठेकाच देत राहिलो असतो. आबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बटण दाबून धरले. नऊ, चार, दहा, दोन : हा क्रम माझ्या पोटातून पूर्वी कधीच निघाला नव्हता. चौथ्या आवर्तनाला तिचे ओठ हलले. आबांनी बटण सोडले. ती नेमकी समेवर आली.

मित्रांनो, जुन्या यंत्राची धूळ पुसा, त्याच्या तारा तपासत जा. आम्ही पुष्कळ वर्षे साथ देतो. मात्र आमच्या भरवशावर माणसाला पडद्यामागे बसवू नका. आम्ही चिठ्ठी उचलतो. ती केव्हा उचलायची, हे तोंडाकडे पाहणाऱ्यालाच कळते.

कार्यक्रम संपल्यावर आबा नोंदणीच्या टेबलाशी गेले आणि अर्ज मागून घेतला. डाव्या हाताने जुन्या आकड्यावर काट मारायला त्यांना वेळ लागला. नवा आकडा लिहायला त्याहून जास्त. भाग्यश्रीने पेन धरायला हात पुढे केला नाही.

कलाकारांची संख्या : २.