त्र्याऐंशी वर्षं न वाजलेली शिट्टी

मी एक पितळी शिट्टी. माझ्या पोटात बुचाची इवलीशी गोळी आहे, ती आज एका जागी ठरतच नाहीये. मला बोलू द्या, फार वर्षं गप्प होते मी!

माझा जन्म व्हिएन्नाचा. माझी मालकीण गेर्टी; तिचे वडील फुटबॉलचे रेफरी. माझ्या एका आवाजासरशी बावीस दांडगे गडी जागच्या जागी थांबत! संध्याकाळी वडिलांनी मला खिडकीत वाजवलं की गल्लीत खेळणारी सात वर्षांची गेर्टी "आले, पप्पा!" ओरडत घरी पळायची.

मग त्या शहरात ज्यू लोकांना जगणं मुश्कील झालं. इंग्लंड आसरा देणार होतं, पण फक्त मुलांना. १९३९च्या उन्हाळ्यात गेर्टीला आगगाडीत बसवताना वडिलांनी मला तिच्या गळ्यात घातलं. तिचं नाव आणि प्रवासासाठी प्रत्येक मुलाला दिलेल्या बिल्ल्यावरचा तिचा नंबर, १५२, त्यांनी खिळ्यानं माझ्यावर कोरला होता. "हरवलीस तर वाजव," म्हणाले.

इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर ती खरंच हरवली. मी असा टाहो फोडला की रत्नागिरीचा खलाशी वली धावत आला. ती त्याच्या खांद्यावरच झोपली. दोरी मानेला काचते म्हणून त्यानं मला काढून खिशात ठेवलं. किनारा लागला तेव्हा तो खाली कामावर होता आणि वरून मुलं उतरूनही गेली! पत्ता कुणाला विचारणार? पुढे युद्धच पेटलं. पोरीची अमानत आपल्याकडे राहिली, या विचारानं वलीला जन्मभर चैन पडलं नाही.

अमानत जपायची, वापरायची नाही. वलीच्या घरी दर ईदला मला चिंचेनं घासत, पण ओठाला कुणी लावेना. शिट्टीच्या जातीला हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

वलीची नात आबिदा मला कतारला, दोहा शहरात घेऊन आली. आता फुटबॉलचा वर्ल्ड कप दोन आठवड्यांवर आलाय, आमच्या अल अझीझिया वस्तीत घराघरांवर झेंडे लागलेत. आबिदाची तेरा वर्षांची लेक हनिया मुलींच्या मॅचची रेफरी झाली आणि तिला वाजवायला मीच हवी होते.

"मम्मी, प्लीज! जस्ट वन्स!"

"नाय. मालकीण सांगल तेव्हाच."

हनिया काय कमी हट्टी? तिनं माझा फोटो लंडनला धाडला, त्या मुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संस्थेला. माझा जीव टांगणीला लागला. गेर्टी या जगात नसेल तर मी कायमची मुकी!

आज शुक्रवार. मैदानावर दोन्ही संघ ताटकळलेले, आणि हनियाच्या फोनवर, त्या संस्थेनं नाव-नंबरावरून शोधून काढलेली नव्वद वर्षांची गेर्टी! आबिदानं इंग्रजीत हात जोडूनच सुरुवात केली, "माझ्या आजोबांना माफ करा. तुमची शिट्टी त्यांच्याकडे राहिली."

"माफ कसलं करू?" गेर्टी म्हणाली. "पप्पा कधीच आले नाहीत. त्यांची एवढी एकच वस्तू उरली, ती तुम्ही सांभाळलीत. वाजव, मुली."

हनियानं छाती भरून श्वास घेतला. फुर्रर्र!

पडद्यावरची म्हातारी ताडकन उभी राहिली.

"आले, पप्पा!"

आबिदा रडत होती आणि हसतही होती. सुट्टी लागली की ती मला लंडनला पोचवणार आहे. तुमच्याकडेही कुणाचं काही राहिलं असेल तर शोधा हो त्या माणसाला. मला मात्र आता वेळ नाही. गेर्टी फोन ठेवायला तयार नाही, तिला मॅच बघायचीय. यल्ला, चला, व्हा बाजूला! फुर्रर्र!